उंदराचा दुसरा कान

प्लास्टर एकदा कालवलं की माणसाच्या हातात आठ-दहा मिनिटं उरतात. तेवढ्यात ते साच्यात गेलं पाहिजे, काथ्या बसला पाहिजे, सोंडेच्या वळणापर्यंत पोचलं पाहिजे. नाहीतर घमेल्यात घमेल्याच्याच आकाराचा देव तयार होतो आणि त्याला गिऱ्हाईक नसतं. आधारचा ओटीपीही दहाच मिनिटं जगतो. ह्या दोन्ही घटका एका माणसावर एकाच वेळी येऊ नयेत. माझ्यावर २०२५च्या दिवाळीनंतर अकरा वेळा आल्या.

झालं असं, की 'लाडकी बहीण' योजनेचं ई-केवायसी सुरू होतं. महिन्याला दीड हजार चालू ठेवायचे तर आधार नंबर टाका, ओटीपी टाका. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार टाका, त्याचाही ओटीपी टाका. आणि आमच्या आळीतल्या अकरा बायकांच्या आधारला माझा मोबाइल नंबर जोडलेला आहे. गैरसमज नको. फार वर्षांपूर्वी शाळेत आधारचं शिबिर लागलं, तेव्हा यंत्रापुढे बसलेल्या पोराने प्रत्येकीला विचारलं, "मोबाइल नंबर?" कोणाकडे फोन नव्हता, कोणाकडे होता पण नंबर पाठ नव्हता. "लिहा ना कारखान्याचा," असं पहिली म्हणाली आणि मागच्या दहाजणींना ते पटलं. कारखाना म्हणजे माझा, गणपतीचा. नंबर पाठ असण्याचं कारण, तो दारावरच्या पाटीवर फूटभर आकड्यांत रंगवलेला आहे.

तर माझे हात कोपरापर्यंत पांढरे, फोन शर्टाच्या खिशात, आणि सेतू केंद्रातून वहिनींचा आवाज: "भाऊजी, आला का?" मी कामावरच्या पोराला म्हटलं, खिशातून काढ आणि वाच. पोरगा आवाजाचा पक्का, त्यातून पलीकडे कॉम्प्रेसर चालू. त्याने सहा आकडे असे वाचले, की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून म्हणाला, "शेवटचा सहा की नऊ?" मी म्हटलं, नऊ. तो म्हणाला, "मग बरोबर. मी त्यांना आणायला जातोच आहे, वाटेत चुकू नये."

त्याच संदेशात खाली लिहिलेलं असतं, हा ओटीपी कोणालाही सांगू नका. आमच्याकडे हे सगळ्यांनी वाचलेलं आहे आणि सगळ्यांना मान्य आहे. फक्त 'कोणी' म्हणजे परका, असा आमचा अर्थ आहे. रिक्षावाला परका नाही. त्याच्या बहिणीच्या लग्नात मी चौरंग दिला होता.

पेण तालुक्यातलं आमचं हमरापूर. हमरापूर, जोहे, कळवे, दादर असा हा गणपतीचा पट्टा. बाराही महिने ओटीवर, पडवीत, माळ्यावर, कधी कधी पलंगाखालीसुद्धा देव वाळत असतात. अशा गावात खासगी हा शब्द आहे, नाही असं नाही. खासगी दवाखाना, खासगी शिकवणी, खासगी गाडी. जिथे पैसे जास्त लागतात ते खासगी, एवढंच आम्हाला ठाऊक. माणसाचं काही खासगी असतं हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, त्या दिवशी आम्हाला वेळ नव्हता. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून निकाल दिला तो २४ ऑगस्ट २०१७ला. त्या दिवशी हरितालिका होती आणि दुसऱ्या दिवशी चतुर्थी. मी टेम्पोच्या हौद्यात उभा राहून शेवटच्या मूर्तींना गवत लावत होतो. इतका मोठा हक्क मिळाला आणि गावात कोणी पेढासुद्धा वाटला नाही. मोदकाची तयारी चालली होती.

खरं सांगायचं तर, चोरी म्हणजे काय हे आम्हाला न्यायमूर्तींइतकं कळतं. आमच्या धंद्यात सोनं-नाणं चोरीला जात नाही, साचा जातो. त्याहून वाईट म्हणजे साचा जागेवर राहतो आणि चोरी झालेली असते. एखाद्या मूर्तिकाराने दोन-दोन महिने शाडू हाताखाली घालून नवं मॉडेल उभं करावं, बैठक नवी, शेल्याची चुणी नवी, डोळ्यांत जरा मिश्किली. मग त्यावर रबराचे हात देऊन साचा काढावा. तुमच्या कारखान्यातून कोणीतरी एक मूर्ती विकत नेतो, रोख पैसे देतो, पावती घेतो. पुढच्या हंगामात तोच गणपती, तीच मिश्किली घेऊन, पलीकडच्या गावात दीडशेच्या थप्पीने उभा! त्याने त्या मूर्तीवर रबर चढवलेलं असतं. तुमचं काहीच गेलेलं नसतं आणि सगळं गेलेलं असतं. फिर्याद करायला गेलात तर विचारतील, "चोरीला काय गेलं?" मूर्ती तर तुमच्या फळीवर बसलेली आहे, हसते आहे.

म्हणून नवं मॉडेल आम्ही गोणपाटाखाली ठेवतो. पाहुणा आला तर त्याला चहा अंगणात. माझ्या सख्ख्या मेव्हण्याला मी तीन महिने माळ्यावर चढू दिलं नव्हतं. आणि हाच मी, त्याच आठवड्यात, सिमकार्ड घेताना, गॅसच्या कामाला, लॉजवर, मुलाच्या शाळेत, एका मिक्सरच्या वॉरंटीला, आधारची झेरॉक्स वाटत होतो. पाच-पाच प्रती खिशात घालून बाहेर पडायचं. सुट्टे पैसे असावेत तशा. माझ्यावरही कोणी रबर चढवू शकेल, हे मनात आलं नाही. गणपतीपेक्षा माझं मॉडेल जुनं, कोण कॉपी करणार, हा विनय असावा.

ते मनात आलं भजी खाताना. पेणच्या एसटी स्टँडाजवळ एका गाडीवर भजी घेतली. कागद उलगडला तर आत एक गृहस्थ माझ्याकडे बघत होते. आधार कार्डाची झेरॉक्स. काळी पडलेली, बिघडलेली प्रत रद्दीत गेली असणार आणि रद्दीतून गाडीवर. कांदाभजीचं तेल बरोबर बारा आकड्यांच्या ओळीवर उतरलं होतं. पहिले आठ आकडे तेलाने पुसट झालेले, शेवटचे चार स्वच्छ. पुढे पुतण्याने सांगितलं, की आधारवाल्यांनीच अशी सोय दिलेली आहे: पहिले आठ झाकलेले, शेवटचे चार उघडे, त्याला मास्क्ड आधार म्हणतात, मोबाइलवरून उतरवून घेता येतो, बऱ्याच ठिकाणी चालतो. म्हणजे जे काम मला तोवर माहीत नव्हतं ते भजीवाल्याने अजाणता करून दिलं होतं. त्या गृहस्थांचा पत्ता मात्र कोरडा राहिला होता. गाव ओळखीचं निघालं. मी कागद घडी करून खिशात घातला. बायकोने धुताना विचारलं, हे कोण?

ह्या झेरॉक्सबद्दल सरकारला काहीच वाटत नाही असं नाही. २७ मे २०२२ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने पत्रक काढलं: आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, दुरुपयोग होऊ शकतो, मास्क्ड द्या. देशभर गडबड उडाली. २९ मेला पत्रक मागे. लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून. दीड दिवसाचे गणपती आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतो. पत्रकाचाही होतो हे तेव्हा कळलं.

तसं आधारचं माहेर आपल्याच महाराष्ट्रातलं. देशातला पहिला आधार २९ सप्टेंबर २०१०ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला, पंतप्रधान स्वतः हजर होते. आणि पुढे जुलै २०१८मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'चे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा ह्यांनी आपला आधार नंबर ट्विटरवर जाहीर करून टाकला: करा काय नुकसान करायचं ते! लोकांनी त्यांचा मोबाइल नंबर, पत्ता, जन्मतारीख असं काय काय बाहेर काढलं आणि काहींनी त्यांच्या खात्यात एक-एक रुपया भरून दाखवला. साहेबांचं म्हणणं, माझं नुकसान कुठे झालं? बरोबर आहे. आमच्या पुजाऱ्यांनाही रुपया ठेवल्याने कधी नुकसान झालेलं नाही.

पासवर्डचं मी फार बोलत नाही. आमच्या आळीत कोणाच्याही घरी गेलं तरी वायफायचा पासवर्ड विचारावा लागत नाही. 'मोरया'पुढे १२३ लावायचं. नाही लागलं तर आधी बाप्पा घालायचा. तरी नाही लागलं तर त्या घरात कोणीतरी शिकायला पनवेलला जातं असं समजायचं.

पनवेलवरून आठवलं. रोह्याची मेमू पनवेल सोडते आणि सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते करत हमरापूरला येते. ह्या प्रवासात मी एका अनोळखी बाईंचा खाते क्रमांक, नवऱ्याचा पगार, सासूचा शुगरचा आकडा आणि एटीएमचा पिन ऐकलेला आहे. आपट्याला रेंज गेली म्हणून पिन दोनदा सांगावा लागला. समोरच्या म्हाताऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. ह्या डब्यातला तेवढाच एक डेटा संरक्षणाचा उपाय. जित्याला बाई उतरल्या. त्यांचा पिन मी आजतागायत विसरू शकलेलो नाही. माझा स्वतःचा मात्र दर दोन महिन्यांनी विसरतो.

व्हॉट्सॲप सुरक्षित आहे असं पुतण्या सांगतो. २०१६पासून सगळे निरोप टोकापासून टोकापर्यंत कुलुपबंद जातात, मधे कंपनीलाही वाचता येत नाहीत. मला हे पटकन समजलं, कारण आम्ही उंदीर करतो. गणपतीच्या देवळात लोक उंदराच्या कानात नवस सांगतात ना, त्याची रीत आहे: एका कानात बोलायचं आणि दुसरा कान हाताने बंद धरायचा, म्हणजे इकडून सांगितलेलं तिकडून बाहेर पडत नाही. झालं की एन्क्रिप्शन. एका मंडळाने तर माझ्याकडून उंदीर घेताना कान मोठे करून मागितले होते, गर्दी फार असते म्हणून. व्हॉट्सॲपवाल्यांनी एक कान चोख बांधला आहे, मी मान्य करतो. दुसरा कान आपल्या हातात असतो आणि आपला हात बटाटेवड्याला लागलेला असतो.

माझंच बघा. ते गोणपाटाखालचं मॉडेल. कारागिरांचे फोन मी सकाळी पत्र्याच्या डब्यात ठेवून घेत होतो. मेव्हण्याशी संबंध ताणले गेले होते. मागच्या दाराला कॅमेरा बसवला. त्याचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच ठेवला, बदलायला वेळ कुठे. त्यामुळे डोंबिवलीला राहणारा पुतण्या तिथून सगळं बघून फोन करायचा, "काका, त्या नव्या पोराने आत्ता बोट मोडलं बघा." हे सगळं केलं आणि मॉडेल पुरं झालं त्या रात्री, आनंदाच्या भरात, फोटो काढून मीच स्टेटसला टाकला. खाली लिहिलं: 'कृपया कॉपी करू नये'. माझ्या फोनमध्ये सहाशेच्या वर नंबर आहेत. त्यांतले निम्मे मूर्तिकार. एकाने अंगठा पाठवला, एकाने हात जोडले, एकाने विचारलं, "दादा, पाठीमागची बाजू पण टाका ना." मी टाकली.

पण गावाने माणसाला वाचवलंसुद्धा आहे, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. शेजारच्या काकांना एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. समोर खाकीतला साहेब, मागे झेंडा, हिंदी कडक. तुमच्या आधारवर पार्सल गेलंय, त्यात नको ते सापडलंय, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे. खोलीचं दार लावून घ्या, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कोणाला बोललात तर सगळे आत जातील. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, सरकारी आवाज ऐकला की आपोआप ताठ बसतात. बसले. अशी अटक कायद्यात कुठेच नाही, खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये तसं सांगितलं होतं. पण त्या वेळी काकांकडे भात झोडणी चालू होती.

शहरात, बंद फ्लॅटमध्ये, लोकांना असं दोन-दोन दिवस बसवून ठेवून आयुष्याची पुंजी काढून घेतलेली आहे. हमरापुरात काकांच्या खोलीला दारच नाही. पडदा आहे. पाचव्या मिनिटाला काकी डोकावल्या. सातव्या मिनिटाला मी गेलो, हात पुसत. दहाव्या मिनिटाला खोलीत चौदा माणसं, त्यांतली चार पलंगावर, कारण अटक कशी होते ते कोणी पाहिलं नव्हतं. साहेब ओरडला, "कमरे में और कौन है?" काकांनी एकेकाची ओळख करून द्यायला सुरुवात केली. नातं, आडनाव, कारखाना. काकींनी फोन हातात घेतला आणि साहेबाला विचारलं, "जेवलात का?" तो बावचळला. काकी आळीत नव्या सुनेची चौकशी करतात त्याच चालीत पुढे निघाल्या: गाव कुठलं, आडनाव काय, मामा कुठले, लग्न झालंय का, आई काय करते, हे असं दिवसभर फोनवर बसून पाठ नाही का दुखत. सगळं मराठीत. साहेबाने दोनदा "मॅडम" म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी कॉल कापला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची माहिती कोणीतरी मागत असावं.

मग कोणीतरी म्हणालं, अशा वेळी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० लावायचा. लावला. तक्रार नोंदवली. पैसे गेले नव्हते म्हणून काकींना वाटलं उगाच त्रास दिला. त्यांनी तिथल्या मुलीलाही जेवलीस का विचारलं.

आता कायदा आला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. नियम आले नोव्हेंबर २०२५मध्ये. पुतण्याने एका रविवारी मला तो समजावला. तुमची माहिती घेणाऱ्याने कशासाठी घेतोय ते साध्या भाषेत सांगायचं, तुमची संमती घ्यायची, आणि मागितलंत तर ते मराठीतही द्यायचं, कारण आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांचा हक्क त्यात आहे. दंड २५० कोटींपर्यंत. आणि एक गंमत: इंग्रजी मजकुरात व्यक्तीचा उल्लेख सगळीकडे 'ती' असा आहे, पुरुष असला तरी. बायको भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे माहिती तिची. मग तिचा ओटीपी तुमच्या फोनवर कसा येतो?" ह्याला कायद्यात कलम नव्हतं.

मला काळजी वेगळीच. माझी वही. कारखान्याची ऑर्डरची वही लाल कापडी बांधणीची, तीत गेल्या कैक वर्षांची गिऱ्हाइकं: नाव, पत्ता, मोबाइल, किती इंची, सोंड कुठल्या बाजूला, दीड दिवस की पाच की अनंत चतुर्दशी, नवस असेल तर कशाचा, आगाऊ किती, बाकी किती. कोणाच्या घरात कधी सगळे जमतात आणि कधी घर बंद असतं ते ह्या वहीवरून कळावं. २५० कोटी आणायचे कुठून? पुतण्या म्हणाला, घाबरू नका काका, वही कागदी आहे, कायदा फक्त डिजिटल माहितीला. पण वहीचा फोटो काढून फिरवलात की ती डिजिटल झाली.

ह्यावर मी वही कपाटात ठेवून किल्ली कडदोऱ्याला बांधली.

किल्ली बायकोला लागली, कारण पापडाचं लाटणं त्याच कपाटात. वही बाहेर राहिली. कामावरच्या त्या मोठ्या आवाजाच्या पोराला एक ऑर्डर शोधायची होती आणि माझं अक्षर त्याला लागेना. त्याने सरळ त्या पानाचा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला: 'दादांनी काय लिहिलंय, कोणी वाचून सांगेल का?' ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं. मला कळलं तेव्हा निळ्या खुणा झालेल्या होत्या. मी मटकन चौरंगावर बसलो. त्यावर ओला रंग होता.

तासाभरात उत्तरं यायला लागली. एकाने लिहिलं, मोडी दिसते. एकाला ती औषधाची चिठ्ठी वाटली. शाळेतल्या बाईंनी मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो असा खुलासा केला. दोनशे माणसांत कोणालाही एक नाव, एक नंबर, एक पत्ता लागला नाही. मी सुटकेचा श्वास सोडतोय, तोवर पलीकडच्या आळीतल्या एकाचा फोन आला. आवाज पडलेला.

"दादा, बाकी काही वाचता नाही आलं. पण 'बाकी' तेवढं वाचता आलं. ते माझंच ना?"

ते त्याचं नव्हतं. पण संध्याकाळी तो अठराशे रुपये देऊन गेला. त्याच्या मागोमाग आणखी तिघं आली. बायकोने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि त्या पोराला हाक मारून विचारलं, पुढचं पान कधी टाकणार म्हणून.